पट्ट्या कोऱ्या कशा राहिल्या?

मे महिना, सावद्याजवळ केळीची रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची खोली), छतावर सोलर. पॅनल धुवायची म्हणून वायरमनने भर दुपारी डीसीडीबीतली, म्हणजे पॅनल आणि इन्व्हर्टरमधल्या डीसी पेटीतली, एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडली. खटका पडला, पण आतली गुरगुर थांबेना, मग धूर. इन्व्हर्टर बंद केला तेव्हा कुठे आर्क, म्हणजे खटक्याच्या फटीत पेटलेली विजेची ज्वाळा, विझला.

रिव्हेट ड्रिल करून मी ती एमसीबी टेबलावर उघडली. कॉन्टॅक्ट वितळून थेंब झालेले, मागच्या भिंतीचा कोळसा, आणि आर्क विझवायच्या लोखंडी पट्ट्या कोऱ्या करकरीत. आर्क तिकडे फिरकलाच नव्हता.

680 व्होल्ट, 12 अँपिअर. एसीत प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, तेव्हा आर्कला विझायची संधी मिळते. डीसीला ती सोय नाही, म्हणून एमसीबीच्या आत कायमस्वरूपी चुंबक. आर्कमधले इलेक्ट्रॉन एका दिशेने धावतात, धन आयन विरुद्ध दिशेने. पण भारही विरुद्ध, त्यामुळे चुंबक दोघांना एकाच बाजूला रेटतो. धडकाधडकीत तोच रेटा भोवतालच्या तापलेल्या हवेला बसतो आणि अख्खा आर्क पट्ट्यांत घुसतो. तिथे त्याचे तुकडे पडतात. एकेका तुकड्याला टिकायला साधारण 20 व्होल्ट लागतात. एमसीबीच्या चार पोलमध्ये (शेजारी-शेजारी बसलेल्या चार खटक्यांत) मिळून पन्नासेक फटी धरा, मागणी हजारावर गेली. 18 पॅनलची स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेली माळ) तेवढं आणणार कुठून?

इथे केबल खालून आल्या, म्हणून पॅनल खाली आणि इन्व्हर्टर वर जोडलेला. लाल-काळं बरोबर, मल्टिमीटरही बरोबर. फक्त प्रत्येक पोलमधला प्रवाह उलटा, म्हणून रेटाही उलटा, पट्ट्यांऐवजी मागच्या भिंतीकडे.

“भाऊ, जुन्या कॉन्टॅक्टरला उलटंसुलटं काही नसते,” वायरमन म्हणाला. त्याचं खोटं नाही. कॉन्टॅक्टर म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच; तिथे चुंबकाच्या जागी प्रवाहातच जोडलेली ब्लोआउट कॉइल (आर्क ढकलणारं तारेचं वेटोळं) असते. प्रवाह उलटला की चुंबकीय क्षेत्रही उलटतं, रेटा तोच राहतो. चीड येते ती चाचणीची: पहाटे, शून्य अँपिअरवर एमसीबी वर-खाली करायची आणि ‘ओके’ लिहायचं. जोडणीचं चित्रही कुशीवर छापलेलं, रेलवर बसवलं की शेजारच्या एमसीबीआड गडप.

त्याच छतावरच्या दुसऱ्या डीसीडीबीतही केबल खालूनच आल्या होत्या. आधी इन्व्हर्टर बंद केला, क्लॅम्प मीटरवर शून्य पाहिलं, मगच ती एमसीबी पाडली.