तुम्ही विचारलंत म्हणून : विकासाचा हक्क मागायचा कुणाकडे?

मानवी हक्कांवर बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. "बोलण्याचा हक्क समजतो, मतदानाचा समजतो. पण विकासाचा हक्क म्हणजे काय? तो मागायचा कुणाकडे?" विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेकदा थोडी थट्टा असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत अशी बरीच वाक्यं असतात, ज्यांवर सगळे माना डोलावतात आणि पुढे काही होत नाही.

आधी कागदावरचं सांगून टाकते. सेनेगलचे न्यायाधीश केबा एम्बाये यांनी १९७२ मध्ये एका व्याख्यानात ही मांडणी केली. १९८१ च्या आफ्रिकी मानवी हक्क सनदेत ती कलम २२ म्हणून आली. मग ४ डिसेंबर १९८६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकासाच्या हक्काचा स्वतंत्र जाहीरनामा मंजूर केला : बाजूने १४६, विरोधात एक, तटस्थ आठ. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं. तटस्थांमध्ये ब्रिटन, जपान, पश्चिम जर्मनी, स्वीडन. याच्या जोरावर गरीब देश मदत हक्काने मागू लागतील, ही धास्ती. गरीब देशांच्या सरकारांना तर नेमकं तेच हवं होतं. माझ्या मते दोघांनीही तो सोयीने वाचला. दुसरं कलम स्वच्छ म्हणतं, की विकासाच्या केंद्रस्थानी माणूस आहे. तो विकासात सहभागी असला पाहिजे आणि फायदाही त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते केनियातल्या एन्डोरोइस लोकांच्या खटल्यात कळतं. बोगोरिया तळ्याकाठी हा गुरं पाळणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. गुरांना चाटायला लागणारं मीठ तिथलं, औषधी वनस्पती तिथल्या, धार्मिक विधीही तिथेच. अभयारण्य करायचं म्हणून सरकारने १९७३ पासून त्यांना हलवायला सुरुवात केली. पर्यटक येणार, पैसा येणार, म्हणजे विकासच की! पैसा आलाही. पण ज्यांच्या जमिनीवर आला, ते कोरड्या पट्ट्यात जाऊन पडले आणि त्यांची गुरं मेली. देशातल्या न्यायालयात दाद लागली नाही, तेव्हा २००३ मध्ये प्रकरण आफ्रिकी मानवी हक्क आयोगाकडे गेलं.

तिथे सरकारने मांडलेली बाजू ऐकण्यासारखी आहे. लोकशाहीत प्रत्येक समाजाने साऱ्या देशाच्या भल्याला हातभार लावायचा असतो, फक्त आपल्यापुरतं पाहायचं नसतं. (हा युक्तिवाद त्यांनाच ऐकवला जातो, ज्यांना आधी कुणी विचारलेलं नसतं.)

आयोगाचा निकाल फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर झाला. त्याने दोन गोष्टी पाहिल्या. ठरवताना लोकांना खऱ्या अर्थाने सामील करून घेतलं का? आणि झालेल्या फायद्यात त्यांना वाटा मिळाला का? यांतली एक जरी राहिली तरी हक्काचा भंग होतो. इथे दोन्ही राहिल्या होत्या. भारतीय अर्थतज्ज्ञ अर्जुन सेनगुप्ता हे या विषयावरचे संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र तज्ज्ञ होते. त्यांच्या मांडणीचा आधार घेत आयोगाने म्हटलं, की राज्याने घर पुरवलं एवढ्याने विकास होत नाही. कुठे राहायचं हे माणसाला निवडता आलं पाहिजे. मला हे फार पटतं. फुकटात मिळालेलं घरसुद्धा अन्याय असू शकतं, हे एवढ्या सरळपणे क्वचितच कुणी लिहितं.

तेव्हा मागायचा तो आधी आपल्याच सरकारकडे. जाहीरनाम्याचं तिसरं कलम मुख्य जबाबदारी राज्यांवरच टाकतं आणि त्यांनी एकमेकांना सहकार्य करावं असंही सांगतं, त्यामुळे श्रीमंत देश सुटत नाहीत. आणि 'आधी विकास होऊ द्या, हक्कांचं मग बघू' म्हणणाऱ्यांना १९९३ च्या व्हिएन्ना जाहीरनाम्याने उत्तर देऊन ठेवलंय : विकास झालेला नाही ही सबब सांगून इतर मानवी हक्कांवर गदा आणता येणार नाही.

अंमलबजावणीचं चित्र बरं नाही. १९८६ चा जाहीरनामा बंधनकारक नाही. बंधनकारक कराराचा मसुदा मानवी हक्क परिषदेने २०२३ मध्ये आमसभेकडे पाठवला. बोगोरिया तळं २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, तेही निकाल हातात असलेल्या एन्डोरोइसांची संमती न घेता. केनियातल्याच माऊ जंगलातल्या ओगिएक लोकांच्या बाजूने आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला, त्यातही विकासाच्या हक्काचं ते कलम २२ होतं. २०२२ मध्ये सुमारे १५ कोटी ७८ लाख केनियन शिलिंग भरपाई ठरली आणि जमिनीची सामूहिक मालकी नोंदवून देण्याचा आदेश झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच जंगलात त्यांची घरं पुन्हा पाडली गेली. आता एवढंच वेगळं आहे, की ते अतिक्रमण करणारे म्हणून नव्हे, तर ज्यांच्या बाजूचा आदेश मोडला गेला असे पक्षकार म्हणून न्यायालयासमोर उभे राहू शकतात.