एका नंबरासाठी तीन खेपा

मला त्या चित्रातल्या बीनेचे, म्हणजे रुद्रवीणेचे, पडदे (दांडीवरच्या स्वरांच्या पट्ट्या) मोजायचे होते, एवढंच. अठराव्या शतकातलं राजस्थानी लघुचित्र आहे. गादीवर राजा आणि समोर चार कलावंत: दोघे गाणारे, एक पखवाजी, एक बीनकार. मी नऊ वर्षं रुद्रवीणा शिकतोय. आमच्याकडे बीन मांडीवर आडवी घेतात, चित्रात मात्र वरचा भोपळा डाव्या खांद्यावर आहे. अकबराच्या दरबारातला बीनकार नौबत खान कलावंत, त्याचं जे चित्र मोगल चित्रकार मन्सूरचं मानतात (१५९० च्या दशकातलं, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये), त्यातही तसंच.

कागदावरच्या चित्रांना उजेड बेताचाच देतात, साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप). त्यात वर काच. मोबाइलच्या फोटोत पडदे कुठे आणि दांडी कुठे, काही कळेना. म्हणून संग्रहालयाकडे मोठ्या फोटोसाठी अर्ज केला.

अर्जातला पहिलाच रकाना: परिग्रहण क्रमांक, म्हणजे संग्रहालयाच्या नोंदवहीतला त्या चित्राचा नंबर. भिंतीवरच्या पाटीवर तो नव्हताच. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी अर्ज परत सरकवला. "नंबर आणा."

"साहेब, तो तुमच्याच नोंदवहीत असेल ना?"

"नोंदवही बाहेरच्यांना दाखवत नाही."

"मग तुम्हीच बघून सांगा."

"नंबराशिवाय शोधणार कसं?"

रात्रभर प्रवास करून गेलो होतो, तसाच परत आलो. महिन्याभराने पुन्हा गेलो. या वेळी पाटीचा फोटो, दालनाचं नाव, चित्र कितव्या भिंतीवर आहे, सगळं कागदावर लिहून नेलं. उत्तर आलं, "दरबारी वादक नावाची आमच्याकडे बरीच चित्रं आहेत." चित्र वीस पावलांवर टांगलेलं होतं! चला, दाखवतो, म्हटलं तर जागा सोडता येत नाही म्हणाले. तो संताप अजून गेलेला नाही.

तिसऱ्या खेपेला दालनातल्या पहारेकरीकाकांनी वाट दाखवली: वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात जुन्या सूची आहेत. तिथल्या बाईंनी अर्ध्या तासात एक सूची काढून दिली. चित्र कृष्णधवल, पण खाली नंबर छापलेला. तेव्हा आधी ग्रंथालयात जा, कार्यालयात नंतर. पुढे शुल्क, सही वगैरे आठवड्यात उरकलं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांचे मोठे फोटो सर्वांना मोफत खुले केलेत. आधी तिथे शोधा. तुमचं काम कदाचित तिथेच होईल.

आणि हो, अर्जात 'मागील बाजूसह' असं लिहा. राजस्थानी चित्रांच्या पाठीवर पुष्कळदा मजकूर असतो. मी ते सुचल्यावर शेवटच्या क्षणी पेनाने वाढवलं. पडदे मोजले, पण आता मी रोज उघडतो तो मागचा फोटो. पाठीवर नागरीत चौघांची नावं आहेत. राजाचं नाव कुठेच नाही. बीनकाराचं नाव अर्धं पुसलंय, गुरुजी आणि मी अजून लावतोय.