उरलेले तीन डोस

मे २०२१चा पहिला आठवडा. ठाण्यातल्या वागळे इस्टेटजवळच्या एका वस्तीतल्या लसीकरण केंद्रावर माझी ड्युटी होती. सकाळी पोचले तर गल्लीत गाड्या अडकलेल्या. कोणी घोडबंदर रोडच्या टॉवरमधून, कोणी थेट मुलुंडहून आलेलं. एरवी तिथे रिक्षा वळायची मारामार. वस्तीतली पोरंच 'येऊ द्या, येऊ द्या' करत गाड्या मागे घ्यायला मदत करत होती. यादीत त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं.

१८ ते ४४ वयाच्या लोकांना १ मेपासून लस खुली झाली होती, पण स्लॉट फक्त कोविनवर. वेबसाइट तेव्हा इंग्रजीत, स्लॉट कधीही उघडणार आणि बघता बघता संपणार. गाडीवाल्यांवर चिडायला मला तोंड नव्हतं. स्टाफच्या ग्रुपवर वेळ कळली की मी आधी भाच्याला फोन करायचे. तो दोन लॅपटॉप उघडून तयारच असायचा.

दहाच्या सुमारास पस्तिशीतली एक बाई आली. पाच घरची धुणीभांडी करणारी.

"सिस्टर, सोसायटीवाले म्हणतात, लसीचा कागद दाखव, मगच आत सोडू."

मोबाइल नवऱ्याकडे, तोही बटणांचा. "नाव नसेल तर देता येत नाही हो ताई," मी म्हटलं. ती भिंतीच्या सावलीत बसून राहिली. वर्षभर घरी बसून काम करणाऱ्यांना मी टोचत होते आणि रोज पाच उंबरे ओलांडणारी बाहेर बसली होती.

दोनला शेवटची व्हायल उघडली. दहा डोस, चार तासांत संपवायचे. सातच जण आले. बाकीच्यांना खासगीत पैसे भरून मिळाली असावी. दुसऱ्या डोससाठी हेलपाटे घालणारे दोन आजोबा समोरच होते, पण पंचेचाळिशीपुढच्यांचा साठा केंद्र सरकारचा, हा राज्याने विकत घेतलेला. अदलाबदल चालत नव्हती. वरिष्ठांना फोन लावला.

"वेस्टेजमध्ये दाखवा."

डोस वाया जाऊ नयेत म्हणून २४ मेला केंद्र सरकारने १८ ते ४४ वयोगटाला सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली. तोवर महाराष्ट्रात या गटाचं लसीकरणच थांबलं होतं.

सहाला रजिस्टरात लिहिलं : वाया, ३. कुलूप लावायला बाहेर आले तर ती तिथेच.

"संपली का लस?"

"संपली," मी म्हटलं.