चार बेस, चार टॉप आणि आमचा हॉल

कोल्हापुरात 'डॉल्बी' हे तंत्रज्ञानाचं नाव नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले काळे खोके, मागं धडधडणारा जनरेटर आणि पुढं घामानं भिजलेली पोरं, एवढं सगळं मिळून एक डॉल्बी होतो. "यंदा डॉल्बी कुणाचा?" असं मंडळात विचारतात आणि "चार बेस, चार टॉप" असं उत्तर मिळतं. ऐकणाऱ्यानं भुवया उंचावायच्या असतात.

ज्याच्या नावावर हे चालतं त्या रे डॉल्बीनं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती गोंगाट घालवायला. कॅसेटच्या फितीमागं जी बारीक खरखर असते ती दाबायची त्याची युक्ती होती. आमच्या जुन्या डेकवर 'डॉल्बी एनआर' असं बटण होतं. दाबलं की मागचं 'श्श्श' गायब व्हायचं, गाण्याचा जरा उजेडही जायचा. त्या भल्या माणसाच्या नावानं आमच्याकडं दर गणपतीला पोलीस आणि मंडळांच्या बैठका झडतात, हे त्याला कुणी सांगितलं होतं का, कोण जाणे.

तर अशा गावात राहून मी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, घुमणारे सूर काढणारा स्पीकरचा डबा घ्यायला निघालो. टीव्ही होता, रिसिव्हर होता, पाच लहान स्पीकर भिंतीवर चढले होते. ५.१ मधले पाच झाले होते, पॉइंट एक, म्हणजे हा सबवूफर, राहिला होता. हा पॉइंट एक म्हणजे काय, हे आईला समजावताना माझी दमछाक झाली. माणसाला २० हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला वीस कंपनं) २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यातला अगदी तळाचा, १२० हर्ट्झच्या खालचा तुकडा या वाहिनीला दिलेला असतो. विमान, भूकंप, राक्षसाची पावलं, असली कामं. "म्हणजे एवढ्याशा कामाला वेगळा गडी ठेवायचा?" आई म्हणाली. आणि त्या गड्याचा पगार बाकी पाचांच्या एकत्र पगाराएवढा, हे मी तिला सांगितलं नाही.

मंगळवार पेठेतला माझा एक मित्र मंडळाचा जुना कार्यकर्ता. आवाजातलं त्याला सगळं कळतं असा त्याचा आणि पेठेचा समज आहे. त्याला विचारलं, डब्यातला आवाज काढणारा गोल पडदा आठ इंची बघू की दहा?

"आठ इंची?" तो खरोखर दुखावला. "आरं भावा, आठ इंचात काय हुतंय? अठराचं दोन ठिव की गॅलरीत. नाद करायचा तर असा."

त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. खालचा सूर म्हणजे शेवटी हवा ढकलायचं काम. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. आठ इंचाच्या पडद्यापेक्षा बारा इंचाचा पडदा दीडपट वाटतो, पण क्षेत्रफळ सव्वादोन पट भरतं. म्हणून छोट्या डब्यातून मोठा बेस काढू म्हणणाऱ्या जाहिरातींकडं मी तेव्हापासून नव्वदच्या दशकातल्या डेककडं बघावं तसं बघतो. त्या डेकच्या खोक्यावर हजार हजार वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवलेली ताकद, छापलेले असत आणि आत दहा वॉट खरे निघाले तर नशीब. पीएमपीओ मोजायची ठरलेली अशी पद्धतच नव्हती. आता खोक्यावर आरएमएस, म्हणजे सलग टिकणारी ताकद, बघतो. तो लिहिलेलाच नसेल तर पुढं बघत नाही.

इंचांचा प्रश्न मिटतो न मिटतो तोच दुसरा उभा राहिला. बंद डबा की भोकाचा? भोकाच्या डब्याला पोर्टवाला म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो 'भूंऽऽ' निघतो, त्याच तत्त्वावर पोर्ट चालतो. आतल्या हवेलाच कामाला लावायचं. त्यामुळं तेवढ्याच पैशात पोर्टवाला जास्त खाली जातो आणि जास्त जोरात वाजतो. पण ज्या सुराला तो बांधलेला असतो त्याच्या खाली गेलं की त्याचा आवाज कडेलोट झाल्यासारखा पडतो. बंद डबा आधीच उतरायला लागतो, पण सावकाश, घाट उतरावा तसा.

एसव्हीएस नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. तिच्याकडं एकाच मालिकेत दोन्ही प्रकार मिळतात, 'एसबी' म्हणजे बंद आणि 'पीबी' म्हणजे पोर्टवाला. दोन्हीत बारा इंची पडदा, दोन्हीत ३२५ वॉटचा अँप्लिफायर. बंद वाला २० हर्ट्झपर्यंत जातो, पोर्टवाला १७ पर्यंत. माझ्या खिशाला दोन्ही परवडणारे नव्हते, पण बघायला काय जातंय? तीन आठवडे मी त्या तीन हर्ट्झवर विचार केला. एक्सेलमध्ये तक्ता केला. बँकेत जेवणाच्या सुट्टीत तो उघडून बसायचो, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वाटायचं मी गृहकर्जाचे हप्ते मांडतोय. मग एके दिवशी टेप घेऊन हॉल मोजला आणि त्या तीन हर्ट्झसाठी जो डबा ठेवावा लागेल त्याची जागा खडूनं आखली. आईची खुर्ची बाहेर गेली. विषय संपला.

राजारामपुरीतल्या एका दुकानात ऐकायला गेलो. दुकानदार भला, चहा मागवला, "बसा साहेब" म्हणाला आणि स्फोट लावला. सगळे दुकानदार स्फोट का लावतात, हे मला कळलेलं नाही. स्फोट म्हणजे बेसाची जत्रा. त्यात कोण सुरात आहे आणि कोण नुसता ओरडतोय हे ओळखता येत नाही. मी पेनड्राइव्हवर माझं सामान नेलं होतं, पखवाजाचं एक जुनं ध्वनिमुद्रण आणि तानपुरा. दुकानदार माझ्याकडं, भेळेच्या गाडीवर साधा भात मागणाऱ्याकडं बघावं तसं बघू लागला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. ती लावली की चामडं जड होतं आणि 'धा' पोटातून येतो. वाजवणारा तो 'धा' काढतो तितक्याच मायेनं तळव्यानं थांबवतोही. मला ते थांबणं ऐकायचं होतं. मोठ्या पोर्टवाल्यावर 'धा' भरघोस आला, अगदी छाती भरून आला, पण जाताना रेंगाळला, एकाच्या शेपटीवर दुसऱ्याचा पाय पडायला लागला. स्वस्तातल्या पोर्टवाल्यांचं हे दुखणं असतं. चांगला आणि महाग असेल तर तोही वेळेवर आवरतो, आणि पंधरा-वीस जण बसतील अशा खोलीत मी तोच घेईन. दहा इंची बंद डब्यावर 'धा' जरा कृश वाटला, पण आला आणि गेला. मग तानपुरा लावला. गवयाचा सूर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते, म्हणजे सबवूफरच्या इलाख्यात. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात दरबारी गवई होते तिथं खर्जाची अब्रू सांभाळणारा डबा घ्यावा, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण खुर्चीचं होतं.

डबा घरी आला. टीव्हीशेजारी ठेवला. पिक्चर लावला. विमान आलं, गेलं, काही नाही. मित्राचे शब्द कानात वाजायला लागले. उठून पाणी प्यायला गेलो तर मागच्या भिंतीपाशी विमान अंगावर आलं. परत सोफ्यावर बसलो, विमान गायब. वाटलं, डबा बिघडलेला आलाय. दुकानदाराला फोन लावायला नंबरही काढला. तेवढ्यात आपण शाळेत शिकलेल्या लाटा आठवल्या.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झची एक लाट म्हणजे सुमारे २८ फूट. आमचा हॉल १४ फूट. अर्धी लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चपखल बसते आणि तिथंच डोलत राहते. भिंतीपाशी दाब भरपूर, बरोबर मध्ये शून्य. आणि सोफा? वास्तुशास्त्र, पंखा आणि डायनिंग टेबल या तिघांच्या संमतीनं बरोबर मध्ये. पाच महिने मी डबा निवडत होतो. हॉल तर फ्लॅट घेतला तेव्हाच निवडून झाला होता, तेही गॅलरीतून कोपऱ्याएवढा रंकाळा दिसतो म्हणून.

यावर जाणकारांचा एक उपाय आहे. डबा उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा, बेसाचं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत कान जमिनीजवळ नेऊन ऐकायचं. जिथं सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथं डबा. रात्री साडेनऊला मी पायजम्यावर रांगायला लागलो. आई पोथी मिटून बघत होती.

"काय हरवलंय?"

"बेस."

"सोफ्याखाली बघ," ती म्हणाली.

बायको दारात येऊन उभी राहिली. "मी झोपायला चाललो. तुझं रांगून झालं की दिवा घालव." (आमच्याकडं बायकाही 'चाललो' म्हणतात, बाहेरगावच्यांनी दचकू नये.)

दोन फेऱ्यांनी गुडघे गेले, पण जागा सापडली. दाराजवळचा कोपरा, चपलांचं कपाट होतं नेमकी ती. इथं एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. सिनेमागृहांच्या ध्वनीसाठी नाव असलेल्या टीएचएक्सनं ८० हर्ट्झवर सूर तोडायची, म्हणजे त्याखालचे सबवूफरला आणि वरचे बाकी स्पीकरना द्यायची, शिफारस केली आहे. त्याच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही. त्यामुळं डबा चपलांशेजारी असला तरी भूकंप पडद्यावरच होतो. रेघ १५० वर नेली तर मात्र नायकाच्या आवाजातला भारदस्तपणा चपलांच्या कपाटातून यायला लागतो. करून बघितलंय. कपाट गॅलरीत गेलं. त्याच्या बदल्यात काय कबूल करावं लागलं, ते घरगुती आहे.

खालच्या मजल्यावर काकू राहतात, निवृत्त शिक्षिका. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या. "काय रे बाळा, वर पाटा-वरवंटा सुरू केलास काय? माझ्या रव्याच्या डब्याचं झाकण वाजतंय."

मी ओशाळलो, पण कुतूहल जास्त होतं. कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मी फोनवरच्या मीटरनं मोजलं तर आकडा सभ्य होता. खोट त्या मोजण्यात आहे. हे डेसिबल 'ए' पट्टीवर मोजतात, आणि ती पट्टी माणसाच्या कानासारखी खालच्या सुरांना सूट देते. ३१.५ हर्ट्झला जवळजवळ ४० डेसिबलची. कान आणि मीटर दोघंही सूट देतात, पण रव्याचा डबा आणि स्लॅब देत नाहीत. डॉल्बीपुढं उभं राहिल्यावर आकड्यापेक्षा छाती जास्त बोलते, ती त्यामुळंही. मी डब्याखाली जाड रबराच्या गाद्या घातल्या, आवाज दोन घरं उतरवला, आणि दहानंतर डबा बंद असा नियम केला. काकूंनी रव्याचा डबा खालच्या फळीवर ठेवला. तहात दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडावं लागतं.

मग मंगळवार पेठ पाहणीला आली. मित्र सोफ्यावर ऐसपैस बसला (सोफा आता दीड फूट मागं सरकलाय, डायनिंग टेबलाची एक खुर्ची त्यात शहीद झाली). बायकोनं पोहे दिले. मी पिक्चर लावला, समुद्रातलं जहाज, वादळ, इंजिनघर. वीस मिनिटं तो मान न हलवता बघत होता, पोहे ताटलीत गार. मग एकदम शुद्धीवर आल्यासारखा इकडंतिकडं बघायला लागला.

"ते डबडं कुठं हाय? चालू कर की आता."

मी काही बोललो नाही. रिमोट घेतला आणि सबवूफर बंद केला. पडद्यावर जहाज तसंच चाललं होतं, वारं तसंच, माणसं तशीच ओरडत होती. त्यानं चमचा खाली ठेवला आणि वर छताकडं बघितलं.

"पंखा बंद केलास काय रं?"