गळा दिसतो का?

रविवार, रात्री

'कट्यार काळजात घुसली' लोकांनी डोक्यावर घेतला आणि 'द डिसायपल' अर्ध्यातच बंद केला, हे अजून पचत नाही. दोन्ही मराठी आणि दोन्ही शास्त्रीय गाण्यावरचे. पहिला २०१५च्या दिवाळीत आला, अख्खी घरं आजी-आजोबांसकट थिएटरात गेली. दुसरा २०२०मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, तिथून उत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक घेऊन आला, २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर लागला आणि 'फार संथ आहे बुवा' एवढ्या शेऱ्यावर बाजूला पडला. माझ्या लेखी पहिल्याला लायकीपेक्षा खूप जास्त मिळालं आणि दुसऱ्याला खूप कमी. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गाण्यावरचा चित्रपट तपासून पाहता येतो.

आधी आवाज पूर्ण बंद करून गाण्याचा प्रसंग पाहावा आणि नजर गळ्यावर ठेवावी. लांब तान (वेगाने गायलेली स्वरांची माळ) घेण्याआधी गायक श्वास भरतो, बरगड्या फुगतात, आणि तान चालू असताना जबडा जवळजवळ स्थिर राहतो. काम सगळं गळ्यात आणि पोटात चाललेलं असतं. पार्श्वगायनावर ओठ हलवणारा नट मात्र प्रत्येक स्वराला जबडा हलवतो. गाणारे ज्याला जबड्याची तान म्हणून नावं ठेवतात, नेमकी तीच पडद्यावर दिसते आणि कानावर पडते स्वच्छ, दाणेदार तान. डोळे एक सांगतात, कान दुसरं. मग मागे बसलेल्याचा तंबोरा पाहावा. तारा चार: पंचम (प), जोडीचे दोन षड्ज (सा) आणि खर्ज (खालचा सा). पंचम मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात, आणि ही फिरत तबल्याच्या लयीला बांधलेली नसते. पुष्कळ चित्रपटांत तंबोरेवाला ठेक्यावर बोटं मारताना दिसतो. एवढं दिसलं की समजावं, त्या चौकटीत गाणं जाणणारं कुणी उभं नव्हतं.

दुसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून, हेडफोन लावून ऐकावं. गाणारा कुठल्या जागेत बसलाय ते कळतं का? दगडी दरबारात आवाज लांबतो, छोट्या खोलीत चटकन विरतो, नदीकाठी तर पसरूनच जातो. स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून वरून चढवलेलं गाणं बहुतेक वेळा तिन्हीकडे सारखंच ऐकू येतं.

आणि वेळ. अति विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) पाऊण ते एक मिनिट घेतं. चार मिनिटांच्या प्रसंगात चारपाच आवर्तनं बसतात, तेवढ्यात बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत जाणं, कशी दाखवणार? म्हणून दिग्दर्शक थेट द्रुतावर (जलद लयीवर), ताना आणि टाळ्यांवर उडी मारतात.

'कट्यार' या तिन्ही ठिकाणी अडतो. दरबारातल्या सामन्यात गाणं उत्तम आहे, पण कोण कशामुळे वरचढ ठरलं हे गाण्यातून कळत नाही, ते 'वाहवा' म्हणणाऱ्या चेहऱ्यांवरून कळून घ्यावं लागतं. वर कट्यारीच्याच तोंडी निवेदन आहे, म्हणजे सामन्यातल्या एका गायकाच्या, खाँसाहेबांच्या, मनातला मत्सर दिसायच्या आधी सांगून टाकलेला. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांनी जीव ओतून काम केलंय यात शंका नाही. पण तो गळा राहुल देशपांड्यांचा आहे, आणि आवाज व चेहरा एकमेकांत मिसळत नाहीत. चित्रपट ज्यावरून काढला त्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७च्या नाटकात ही फट नव्हती. खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे समोर बसून स्वतः गात होते. घराण्यांचा झगडा एकाच माणसाच्या अंगात घडताना दिसायचा, आणि नाटकाचं सगळं बळ तिथेच होतं.

चित्रपटाचं श्रेय काढून घ्यायचं नाही. नाटकातल्या जितेंद्र अभिषेकींच्या चाली नव्या पिढीच्या कानात गेल्या, शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी त्यांच्या शेजारी लाज न आणता उभी राहिली, आणि 'अरुणी किरणी'साठी महेश काळे यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार शंभर टक्के योग्य होता. पण तो गाण्याला होता. लोकांनी गाण्यांचे गुण चित्रपटाच्या खात्यावर जमा केले, तिथे हिशेब चुकला.

पडद्यावरचं गाणं माणूस कसा उघडा पाडतं, हे मराठीत फार पूर्वी जमलेलं आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) काढून सालोमालोचे प्रसंग पाहावेत. तुकारामाचे अभंग तो स्वतःचे म्हणून खपवतो आणि नाटकी हरकती घेत, हातवारे करत, समोरच्यांवर छाप पाडण्यासाठी गातो. विष्णुपंत पागनीस गातात ते टाळाच्या अंगाने, सरळ, दाद न मागता. कोण खरा आणि कोण खोटा, हे दामले-फत्तेलाल यांनी संवादाच्या आधी गायकीतून सांगितलंय. आणि पागनीसांचा गळा पागनीसांचाच आहे. (त्यातलं 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं पद. ते आजही कित्येक जण तुकोबांचाच अभंग म्हणून गातात. एखाद्या गीतकाराला याहून मोठी पावती काय मिळणार?)

'मी वसंतराव' (२०२२) त्याच वाटेवरचा आहे. नातू राहुल देशपांडे आजोबा वसंतराव झालाय आणि स्वतः गातोय, त्यामुळे श्वास जागच्या जागी पडतो. उत्तरार्धात घटनांची घाई होते, तरी 'कट्यार'च्या निम्मीही चर्चा त्याची झाली नाही, हे चूकच.

आता 'डिसायपल'. चैतन्य ताम्हाणे यांनी नट घेऊन त्यांना ओठ हलवायला शिकवलं नाही, गाणारी माणसंच घेतली. शिष्य शरद झालेले आदित्य मोडक आणि त्याचे गुरुजी झालेले अरुण द्रविड, दोघेही तालमीतले गायक. सुरुवातीची मैफल पाहावी. गुरुजी गाताहेत, शरद मागे तंबोऱ्यावर, आणि कॅमेरा अतिशय सावकाश गुरुजींना सोडून शरदकडे सरकतो. त्याच्या डोळ्यांत भक्ती आहे आणि भूकही. हे कळायला निवेदन लागत नाही, कट लागत नाही, फक्त वेळ लागतो. लोक ज्याला संथपणा म्हणतात तो इथे कामाला लागलेला असतो.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट अशी की शरद बेसूर नाही. तो मेहनती आहे, शुद्ध गातो, आणि तरीही गाणं उमलत नाही. तयार गायकाने 'बरं, पण पुरेसं नाही' असं गायचं हे बेसूर गाण्याच्या कितीतरी पट कठीण. ऐकताना एक करावं: गुरुजी एका स्वरावर किती वेळ टिकतात ते मनात धरून शरदचं गाणं ऐकावं. तो स्वरावर थांबत नाही, पुढच्या जागेची चिंता करत सुटतो. पराभव त्या घाईत आहे. चित्रपट तो कुणाच्या तोंडून सांगत नाही.

रात्रीच्या रस्त्यांवर संथपणे जाणारी मोटरसायकल आणि कानात माईंची (गुरुजींच्या गुरूंची) ध्वनिमुद्रित व्याख्यानं, हे भाग लोक पुढे ढकलतात. ते ढकलले तर चित्रपट हातातून जातो. शरदला मिळालेली खरी तालीम ती आहे: त्याग करा, एकटे राहा, लोकांसाठी गाऊ नका. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट नेटफ्लिक्सवर यायच्या काही दिवस आधी त्या गेल्या. त्या आवाजात कुठेही जबरदस्ती नाही, म्हणून शरद पुरता अडकतो हे पटतं. पुढे जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्राहक माईंबद्दल वेगळंच काही ऐकवतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. आधीची व्याख्यानं नीट ऐकलेली असतील तरच त्या पाण्याचं वजन कळतं.

उणीव आहेच. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली मुलगी हा धागा ढोबळ झालाय. ती पहिल्यांदा दिसते तेव्हाच तिचं पुढे काय होणार हे कळतं, आणि एरवी इतक्या बारकाईने काम करणारा दिग्दर्शक इथे बोट दाखवून सांगतो. तो धागा निम्मा कापला असता तरी चाललं असतं. पण त्या आधारावर अख्खा चित्रपट कंटाळवाणा ठरवणं मला मान्य नाही. फोनवर, वेग वाढवून, स्वयंपाक करता करता पाहिला तर तो कंटाळवाणाच वाटेल. विलंबित ख्यालही तसा ऐकला तर दुसरं काय वाटणार?