हजेरीच्या वहीतली पोरगी

निफाडला आमची साडेतीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग. ऑक्टोबरात छाटणी झाली की फेलफूट म्हणजे नको ती फूट काढा, घड जीए या संजीवकात बुडवा, मग विरळणी. कामाला उसंत नाही, आणि सगळं उक्तं. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळीचा दर एकरावर ठरतो. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घरोघरी वाटून झालेली असते. दिवाळी सरली की अख्खी बिऱ्हाडं बागेत उतरतात.

चार वर्षांपूर्वी विरळणीला एक पोरगी होती, दहा-अकराची. कमरेवर तान्हा भाऊ, एका हातात कात्री. मान वर करून घडातले मणी कापत होती. मी विचारलं तर आई म्हणाली, "काही नाही भाऊ, मदत करते." मी पुढं गेलो. काम झपाट्यानं होत होतं, खोटं कशाला बोलू.

नाशिकला कुणाशी बोललं की कारण एकच निघतं, गरिबी. आहेच. पण ती पोरगी माझ्या बागेत आली ती उक्त्या हिशेबामुळं. उचल फेडायचीय आणि दर एकराचा, मग जितके हात तितकं एकर लवकर संपतं. मी पैसे एकराचे दिले. तिची मजुरी कुठं लिहिलीच नाही, म्हणून तिला कामाला लावलं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

बालमजुरी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. सवलत घरच्या कामाला, तीही शाळा सांभाळून. माझी बाग काही तिचं घरचं काम नव्हे. जगात 2024 मध्ये 13 कोटी 80 लाख मुलं कामाला जुंपलेली होती, असा आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफचा अंदाज आहे. त्यातली 61 टक्के शेतीत. कारखान्यावर धाड पडते, बागेत कोण येतंय?

गेल्या वर्षीपासून विरळणी रोजानं देतो. माणशी हजेरी, फक्त मोठ्यांची. एकरी खर्च वाढला, मुकादम अजून कुरकुरतो. तान्ह्यांसाठी पंपाच्या शेडमध्ये झोळ्या बांधल्या आणि टोळीतल्याच एका म्हातारीला रोज देऊन बसवलं, कारण पोर सांभाळायलाच थोरली बहीण शाळा सोडून येते. शाळेच्या वयाची चार मुलं गावातल्या गुरुजींनी स्थलांतरित मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड बघून वर्गात बसवून घेतली. दोन टिकली.

काल नवी टोळी आली. नावं लिहायला बसलो तर तीच बाई, शेजारी तीच पोरगी, आता साडीत.

"हिचं पण लिहा भाऊ. अठरा पूर्ण."

आधार कार्ड मागितलं. घरी राहिलं म्हणाली.