दोडक्याचा मांडव

२८ जून, रविवार

सकाळी पावसानं उघडीप दिली तशी चहा अर्धवट ठेवून परड्यात गेले. मृगात टोकलेला दोडका हातभर वाढलाय आणि आधार नाही म्हणून शेजारच्या कारल्याच्या गळ्यात पडलाय. सोडवताना दोन ताणे, म्हणजे वेल आधार धरतो ते दोऱ्यासारखे तंतू, तुटले. फार वाईट वाटलं. सासूबाई दरवर्षी सांगतात, "आधी मांडव घाल, मग बी टोक." मुळं पसरल्यावर मांडवाची मेढ, म्हणजे खांब, रोवली की मुळंच तुटतात. म्हणून आज मेढी बुडापासून चांगल्या दीड वीत लांब घेतल्या.

बुरुड गल्लीतून आणलेले चार बांबू दीड फूट जमिनीत, सहा फूट वर. खाली उभं राहून दोडका तोडता आला पाहिजे. आमच्या कोल्हापूरच्या पावसात भुईवर लोळलेला दोडका वाकडा होतो आणि मातीकडच्या बाजूनं कुजतो. लोंबता राहिला की सरळ वाढतो.

बांधायला सुतळीच. गेल्या वर्षी नायलॉनची दोरी घट्ट आवळली होती. दुधीचं खोड जाड होत गेलं, दोरी आत रुतली आणि तीन कोवळ्या दुधींसकट वरचा वेल वाळला. ते अजून मनातून जात नाही. आता एक वेढा बांबूला, मध्ये पीळ, दुसरा वेढा वेलाला, तोही करंगळी सहज फिरेल इतका सैल.

घेवड्याचं वेगळं. त्याला ताणे नसतात, खोडच काठीभोवती चढतं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. मागे एकदा मी त्याला दुसऱ्या बाजूनं गुंडाळलं, तर त्यानं ते काही धरलं नाही. जाड बांबूही त्याच्या कवेत मावत नाही. त्याला तुरकाट्याच, म्हणजे तुरीच्या वाळक्या बारीक काठ्याच बऱ्या.

दुपारी दोडक्याचा एक ताणा सुतळीला नुसता टेकवून आले होते. संध्याकाळी दिवेलागणीला पाहिलं, तर त्याच्या टोकानं दोन वेढे घेतलेले! कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले. मधला भाग अजून सरळ आहे. एकदोन दिवसांत तोही स्प्रिंगसारखा वळेल, अर्धा एका दिशेनं, अर्धा उलट्या. मग वाऱ्यात वेल हलला तरी ताणा ताणला जाईल, सैल होईल, पण सहसा तुटणार नाही.

आता पुन्हा पाऊस लागलाय. घेवड्याच्या तुरकाट्या उद्या.